गुरम्मासाठी राखलेली ट्यूब

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. मोटारीच्या चाकात असते ना, काळ्या रबराची, हवा भरली की फुगणारी, ती. आता मी फुगत नाही. मंद्रूपजवळच्या एका गोठ्यात खुंटीला लोंबकळते आहे. अंगाला धूळ आणि भुसा चिकटलाय, आणि म्हशीखेरीज माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. ती बिचारी तरी दुसरीकडे कुठे बघणार?

माझा जन्म कुठे झाला ते मला धड सांगता येत नाही. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात तापलेल्या साच्यातून निघाले, खोक्यात घडी होऊन पडले, आणि उजेड बघितला तो सोलापुरात, सर्विस मोटारीच्या एका मालकाच्या दुकानात. साधारण तीस सालानंतरची ही गोष्ट. त्याची मोटार सोलापूर ते मंद्रूप धावायची. मोटार कसली, माणसांची हाडं खिळखिळी करणारा डबाच तो! मी तिच्या मागच्या चाकात, टायरच्या पोटात. तुम्हाला वाटेल, काय काय बघितलं असेल हिनं! छे हो, आत नुसता अंधार. खडी लागली की कळायचं, चिखल लागला की कळायचं, आणि बाजारच्या दिवशी माणसं नि गाठोडी यांच्या ओझ्यानं जीव मेटाकुटीला यायचा. टायर चांगला म्हणून सगळे नावाजायचे. माझं नाव निघायचं ते पंक्चर झाल्यावर, तेही शिवी हासडून.

एकच माणूस निराळा होता, मोटारीचा ड्रायव्हर सिद्धप्पा. तो मला बाहेर काढायचा, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचा, भोकावर ठिगळ लावायचा. मग शंखजिऱ्याची पांढरी भुकटी अंगभर चोळून मला परत आत घालायचा. त्या भुकटीमुळे टायर मला घासत नसे. पुढे ठिगळावर ठिगळं चढली. मालक म्हणाला, "फेकून दे ती." सिद्धप्पा म्हणाला, "फेकायचीच तर मला द्या की मालक. घरी काम हाय."

काम काय होतं ते मला त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

सिद्धप्पाला एक धाकटी बहीण होती, गुरम्मा. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले. पाय होते जागेवर, पण त्यांत जोर नव्हता. आता ती विशीला आली होती, तरी शेतावर जायचं, देवळात जायचं, तर वडिलांच्या पाठीवर बसूनच. वडील चनबसप्पा, मुलांचे अप्पा, तिला पाठुंगळी घेऊन निघायचे. कधी कुरकुर नाही, कधी चेहऱ्यावर आठी नाही. आई कधीच गेलेली. घर बघायची ती अप्पांची बहीण, पार्वतम्मा आत्ती. तिची जीभ तिखट होती आणि हाताला मोठी चव होती. एका वाक्यात मराठी नि कानडी दोन्ही आल्याशिवाय त्या घरात बोलणं पुरं होत नसे.

मला बघून गुरम्मा खळखळून हसली. "अण्णा, ही माज्यासारखीच की रं! तोंडात हवा हाय, पाय न्हाईत."

"म्हनून तर आनली," सिद्धप्पा म्हणाला. "सोलापुरात तळ्यावर पोरं बघितली मी. असल्या टूबवर बसून तरंगत्यात. तुला उमाळीवर सोडायची."

उमाळी म्हणजे गावाखालची नदी. तिला डोंगर नाही की उगमाचं तीर्थ नाही. एका काळ्या कातळाखालून झरे उमळतात, त्यांचा डोह होतो, आणि तिथून निघून कोसभर बाभळीबनातून वळणं घेत ती सीना नदीला मिळते. उन्हाळ्यात सीनेची वाळू उघडी पडते, पण उमाळीच्या झऱ्यांना खळ नसतो. पाणी असं की तळाचा खडा दिसावा. डोहात बसायचं, आणि पाण्यानं नेईल तसं सीनेच्या वाळूपर्यंत जायचं, असा सिद्धप्पाचा बेत होता.

"मी दोरी धरून काठानं चालतो," तो म्हणाला.

"दोरी न्हाय," गुरम्माचं हसू एकदम गेलं. "दोरी धरलीस तर मग पाठीवर बसले काय नि टूबवर बसले काय! अण्णा, मला एकदा, एकदाच, हितनं तितवर माजी मी जायचंय. कुनाला दमवून न्हाय."

तेवढं ऐकलं आणि मी मनात म्हटलं, पोरी, तुला मी नेणार. इतकी वर्षं मोटारभर माणसं वाहिली, तू काय जड आहेस?

आत्तीनं मात्र कपाळाला हात लावला. "अय्यय्यो! तरनी पोर, पान्यात पाय पसरून जानार? गाव काय म्हनंल?"

"रोज वसरीवर पाय पसरूनच बसलेली बघतंय की गाव मला," गुरम्मा म्हणाली. आत्ती बडबडत चुलीपुढे गेली.

अप्पा नुसतं एवढंच म्हणाले, "पान्याचा काय भरोसा," आणि उठून गेले. त्या दिवशी गुरम्मा जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी अप्पा लांबलचक बांबू घेऊन नदीवर गेले ते दुपार कलल्यावर परत आले. धोतर कमरेपर्यंत भिजलेलं, हाताला ओरखडे. "तिसऱ्या वळनाला तेवढं गळ्याइतकं पानी हाय," ते म्हणाले. "आनि काठाच्या बाभळी वाकल्या व्हत्या. फांद्या तोडल्या. टूबला काटा लागला असता." मग ते हातातले काटे काढत बसले. गुरम्मा त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

मग काय, सगळा हिवाळा त्या घरात दुसरा विषय नाही. बेत ठरला शिवरात्रीनंतरचा, पाण्याचा गारठा मोडला की. गुरम्मा रोज सकाळी ओसरीवर रांगोळीनं उमाळी काढायची. हा डोह, हे चिंचेचं वळण, हा खडकाळ उतार, ही सीना. आत्ती झाडताना ती पुसली जायची, की दुसऱ्या दिवशी गुरम्मा पुन्हा काढायची. लुगड्याचा काष्टा कसा घालायचा, यावर आत्ती नि ती तास तास वाद घालायच्या. बरोबर धपाटे घ्यायचे की शेंगाची पोळी, हे तर शेवटपर्यंत ठरेना. सिद्धप्पा बाजारच्या दिवशी उभ्या उभ्या यायचा, बहिणीची रांगोळी बघायचा, माझ्यावर लांबूनच नजर टाकायचा, आणि मोटार सुटायच्या आत पळायचा. मला ओसरीच्या खुंटीवर टांगलं होतं. माझ्या उभ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस.

आणि त्याच दिवसांत माझा घात झाला, मित्रांनो.

एका सोमवारी अप्पांनी मला खाली काढलं. माझ्या अंगावरून बोट फिरवलं. सिद्धप्पानं चोळलेलं शंखजिरं त्यांच्या बोटाला लागलं.

"आगं, कातडं वाळलंय हिचं," ते म्हणाले. "पांढरं पडलंय बग. ऐन पान्यात तडकायची. थांब, मोटंला पाजतो तसं तेल पाजतो."

त्यांचा जन्म मोट हाकण्यात गेलेला. मोट, चाबूक, पायातल्या वहाणा, सगळं चामडं त्यांनी तेल पाजून पाजून टिकवलं होतं. तेल नाही मिळालं की चामडं फुटतं, हे त्यांना ठाऊक होतं. रबर त्या घरात कधी आलंच नव्हतं. त्यांनी करडईचं तेल वाटीत घेतलं आणि तळहातानं माझ्यात जिरवायला सुरुवात केली.

अहो, रबराला तेल म्हणजे विष! मी ओरडले असते. "अप्पा, नका हो, सिद्धप्पाला विचारा!" पण मला तोंड कुठे होतं? आणि त्यांचा हात इतका मायेचा होता, की सांगू नये. ठिगळ आलं की हलक्या हातानं फिरायचा. काम करता करता ते पुटपुटायचे, "माज्या लेकीला नीट ने गं बाई." नंतर दर सोमवारी हेच. कालवणात कमी पडलं तरी चालेल, पण माझं तेल चुकलं नाही. माझं अंग मऊ पडत गेलं. ठिगळांच्या कडा सैल होऊ लागल्या. मी आतून सडत होते आणि घरातले म्हणत होते, काय चकाकतेय!

आत्तीनं काटे लागू नयेत म्हणून गोणपाटाची खोळ शिवली. माझ्यावर चढवताना म्हणाली, "अंग चिकट लागतंय गं हिचं."

"अप्पानी तेल पाजलंय न्हवं," गुरम्मा म्हणाली.

"बरं केलं," म्हणून आत्तीनं टाके घालून मला पुरतं झाकून टाकलं. त्यानंतर सिद्धप्पाला माझं अंग दिसलंच नाही.

ठरल्या दिवशी सिद्धप्पा रजा काढून आला. पंपानं हवा भरताना म्हणाला, "आज लई लवकर फुगाय लागली." त्याला ते शुभ वाटलं. रबर सैल पडलं की असंच फुगतं, हे त्याच्या ध्यानात आलं असतं; पण गुरम्मा शेजारी बसून "चल की, चल की" करत होती.

अप्पांनी तिला पाठीवरून डोहापर्यंत आणलं आणि माझ्यावर बसवलं. सिद्धप्पानं हलकेच ढकललं. झऱ्याचं पाणी आम्हाला घेऊन निघालं.

मित्रांनो, तिचे पाय पाण्यावर तरंगले. जमिनीवर ओझं झालेले पाय, पाण्यानं अलगद उचलले. चिंचेचं वळण गेलं. काठावर सिद्धप्पा धावत होता, अप्पा मागून ठेचकाळत येत होते, आत्ती लुगडं सावरत ओरडत होती. गुरम्मा वळून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बगा! कुनी धरलं न्हाय मला!" आणि ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. मी सगळा जीव एकवटून हवा धरून ठेवली. खडकाळ उतारही पार केला.

तिसऱ्या वळणाला माझ्या पोटावरचं सगळ्यात मोठं ठिगळ सुटलं. मी धरून धरून किती धरणार? हवा फुसकन गेली. मी चपटी झाले आणि गुरम्मा गळ्याइतक्या पाण्यात गेली. पाय टेकून उभं राहणं तिला माहीतच नव्हतं. सिद्धप्पानं उडी टाकली, केसाला धरून तिला वर काढलं, काठावर पालथी घातली. पाणी ओकली, श्वास आला. जगली.

मग सिद्धप्पानं मला पाण्यातून ओढून काढलं आणि माझी खोळ टरकावली. त्याचं बोट माझ्यातून आरपार गेलं. त्यानं बोट हुंगलं आणि तो ओरडला, "ह्याला तेल कुनी लावलं?"

आत्तीनं तोंड उघडलं. अप्पा एक पाऊल पुढे आले. त्यांनी काही बोलायच्या आधीच गुरम्मा खोकत खोकत म्हणाली, "मी लावलं."

"येडी हायस का तू! रबराला तेल म्हंजे इख! सोताच्या हातानं मराय निगाली व्हतीस?"

"व्हय. मलाच अक्कल न्हाय," ती म्हणाली.

अप्पा तिच्यापुढे पाठ करून खाली बसले. तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ती घरी गेली.

महिन्याभरानं सिद्धप्पा म्हणाला, "दुसरी टूब मिळतीय, आनू का?" अप्पा दारातून उठून, मला टाकलं होतं त्या गोठ्यात आले. गुरम्मानं त्यांच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघितलं आणि म्हणाली, "नगं रं. लई भ्या वाटतं." भय वाटणारी पोर ती नव्हती. गोठ्यात माझ्यासमोर उभे राहून अप्पांनी ते ऐकलं. त्यांना काय कळलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची आबाळ करू नका. मी तसं कसं म्हणू? माझी आबाळ झालीच नाही. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला आधी विचारा हो: तुला काय मानवतं, तुला काय सोसत नाही? त्याला तोंड नसेल, तर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. एवढंच माझं मागणं.

आमच्या घरात आता कुणी कुणाला काही विचारत नाही. ओसरीवर रांगोळी नाही. अप्पा सकाळी गुरम्माला उन्हात आणून बसवतात, ऊन वर आलं की उचलून सावलीत नेतात. आत्ती तिला ऊन ऊन भाकरी वाढते. सगळे तिची फार काळजी घेतात.