हम्झाइक्कांच्या विहिरीत न राहणारा जीव

मित्रांनो, मी एक जाळी आहे. पण माझ्या नशिबी मासे नाहीत. निमुळत्या पिशवीसारखी मी, तोंडाला पितळी कडे आणि शेंड्याला काचेची छोटी बाटली. दोर बांधून मला विहिरीच्या तळाशी सोडतात. तिथल्या जांभ्या दगडाच्या फटींत पाठीला कणा नसलेले, बहुधा डोळेही नसलेले बारीक जीव राहतात. ते मी गाळून वर आणते.

केरळातल्या एका कॉलेजातल्या सुलेखा टीचरनी मला स्वतः शिवले. त्या गावोगावच्या विहिरींतून जीव जमवायच्या आणि त्रिशूरचे इट्टूप सर ते भिंगाखाली ओळखायचे. "टीचर, तुमची जाळी फार हावरट हो! मुंगीचा पायसुद्धा सोडत नाही," असे सर म्हणायचे. ते ऐकून मी फुगून जायचे. आता त्याच कौतुकाची मला लाज वाटते.

इकडे ताईला चेची म्हणतात. तंकम्माचेचींची विहीर उन्हाळ्यात अख्ख्या आळीची तहान भागवायची. रस्ता रुंद करण्यासाठी ती बुजवणार होते. तिच्यात मला तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा, आंधळा जीव सापडला. सरांनी तसा पूर्वी कुठेच पाहिला नव्हता. रस्त्याच्या साहेबांनी शब्द दिला, की हा फक्त इथेच असेल तर रस्ता थोडा वळवू. म्हणून आसपासच्या विहिरीही तपासायचे ठरले.

एका विहिरीतून दुसरीकडे नेताना मला तीन पाण्यांनी धुवायचे आणि उन्हात वाळवायचे, असा आमचा नियम. त्या सकाळी चेचींच्या विहिरीतून आणखी तीन जीव मिळाले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या हम्झाइक्कांची हाक आली; इक्का म्हणजे थोरला भाऊ.

"टीचर, येताय की नाही? माझी विहीर उपसणारे दोर घेऊन उभे आहेत. एकदा गाळ ढवळला की बसा तुमचे किडे शोधत!"

"आले, आले, इक्का! पाचच मिनिटं थांबवा त्यांना."

टीचरनी मला नुसते झटकले. माझ्या शिवणीत चौथा जीव अडकला होता. मला वाचा असती तर मी ओरडले असते, असे मी पुष्कळदा मनाशी म्हणते. पण ते खोटे आहे. त्या वेळी मला आनंदच झाला होता. मी काही सोडत नाही ना!

हम्झाइक्कांच्या विहिरीत बुडताच तो सुटून बाटलीत उतरला. सरांनी निकाल लिहिला, की जीव दोन्ही विहिरींत आहे. मग एक बुजली तर काय बिघडले, असे साहेब म्हणाले. आठवड्याच्या आत तंकम्माचेचींची विहीर मातीने भरली.

त्यानंतर हम्झाइक्कांच्या विहिरीत मला एकवीस वेळा सोडले. दर वेळी नुसता गाळ. शेवटी सरांनी हळूच विचारले, "टीचर, त्या दिवशी जाळी धुतली होती ना?"

टीचरनी मला उलटे केले आणि शिवणीवरून बोट फिरवले. "नाही, सर. घाई झाली."

"मी तरी तेव्हाच कुठे विचारलं!" सर म्हणाले.

दोघे मला घेऊन तंकम्माचेचींकडे गेले. चेची नळावरून कळशी आणत होत्या. टीचरनी सगळे सांगितले. चेचींनी कळशी खाली ठेवली.

"माझं जाऊ दे, मला नळ आहे. पण टीचर, त्या बिचाऱ्याला डोळे नव्हते. तुम्हाला होते ना?"

 

आता मला दर वेळी तीन पाण्यांनी धुतात. मित्रांनो, तुमच्या हाती कधी अशी जाळी आली, तर कोणी कितीही हाका मारो, आधी ती धुवा. माझी तेवढीच विनवणी आहे.

तो चौथा जीव त्रिशूरला स्पिरिटच्या बाटलीत आहे. तिच्या चिठ्ठीवरचे हम्झाइक्कांचे नाव खोडून टीचरनी तंकम्माचेचींच्या विहिरीचे नाव लिहिले, सरांनी खाली सही केली. ती विहीर आता तेवढ्या चिठ्ठीवरच उरली आहे.