रेडिएटरपासून वीतभर मागे

"वीतभर अंतर. इथून हा रेडिएटरला काय वारा घालणार? स्वतःलाच घालत बसलाय."

हे माझ्याबद्दल चाललं होतं. बोलणारी आमच्या ड्रायव्हरची लेक, कमरेपर्यंत बॉनेटमध्ये वाकलेली होती आणि तिचं नाक माझ्या पात्याला टेकायच्या बेतात होतं. कुरकुर रोजचीच, पण इतक्या जवळून ऐकली की लागते.

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून उन्हाळाभर कौतुक करून घेणाऱ्यांपैकी नव्हे. मी लांब नाकाच्या एका जुन्या ट्रकमध्ये, इंजिनाच्या तोंडावर बसतो. माझ्यापुढे रेडिएटर. इंजिनात तापलेलं पाणी त्याच्या बारीक नळ्यांतून फिरतं, मी बाहेरची हवा त्या नळ्यांमधून ओढतो आणि पाणी थंड होऊन पुन्हा कामाला जातं. गाडी सपाट रस्त्यावर पळत असली की हवा आपसूक येते, तेव्हा मला कुणी विचारत नाही. माझी खरी गरज चढावर. इंजिन जीव तोडून ओढत असतं, गाडी मुंगीच्या पावलांनी चालत असते आणि वारा म्हणून जो काही असतो, तो मीच.

माझा जन्म एका कारखान्यात, जाड पत्र्यातून झाला. चार पाती, काळा रंग आणि कुणाच्या बोटाला लागेल अशी धार. पुढचं सगळं आयुष्य एकाच ड्रायव्हरच्या हाताखाली गेलं, याबद्दल मी कुणाचे आभार मानू हेच कळत नाही. घरं बदलणाऱ्यांचं सामान तो वाहायचा. कपाटं, पाळणे, आरसे, एकदा तर पिंजऱ्यातल्या पोपटासकट अख्खं घर. दर रविवारी रॉकेलच्या फडक्यानं माझी पाती पुसायचा आणि बायकोला सांगायचा, की हा कधी दमत नाही. ती म्हणायची, घरात निदान एक तरी तसा आहे.

मग एक दिवस जुनं इंजिन तडकलं. बघायला आलेल्यांनी गाडी भंगारात काढायला सांगितली. ड्रायव्हरच्या लेकीचं तोवर स्वतःचं गॅरेज झालं होतं. तिनं एक नवं, जुन्याहून आखूड इंजिन आणलं. त्याच्याबरोबर पंखा आलाच नाही. बाजारात नवा मिळत होता. तिनं मात्र मला काढून घासलं, वाकलेलं पातं सरळ केलं, सळईवर तोलून बघितलं आणि नव्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपावर मी बसावं म्हणून मध्ये नवी भोकं पाडली. भोकं पाडून घेताना कुणाला आनंद होत असेल तर तो मला झाला.

चूक झाली ती त्यानंतर. इंजिन बसवताना रेडिएटर आणि पंखा यांच्यात आधी दोन बोटांची फट धरतात आणि तिथून मागे मोजत जातात. लेकीनं मागून सुरुवात केली. इंजिनाला गिअरबॉक्स जोडलेला आणि गिअरबॉक्सवर गिअरचा दांडा. ड्रायव्हरनं, म्हणजे तिच्या बाबांनी सांगितलं होतं, की दांडा होता तिथेच हवा, माझा हात न बघता तिथेच जातो. तिनं आधी दांडा जागेवर आणला, मग गिअरबॉक्स, मग इंजिन. इंजिन आखूड, त्यामुळे मी रेडिएटरपासून वीतभर मागे राहिलो. तिथून मी जी हवा ओढायचो ती इंजिनाभोवतालची तापलेली. तीच फिरवून फिरवून पुन्हा घ्यायची.

गावाबाहेरच्या चढावर गाडी उकळली. लेकीनं रेडिएटर धुऊन घेतला. पुन्हा उकळली. हवा वाया जाऊ नये म्हणून रेडिएटरला पत्र्याचा घेर केला, पण माझी पाती त्याच्या तोंडाशीसुद्धा पोचेनात. विजेवरच्या पंख्याचाही विचार झाला. पण जुन्या डायनामोला दिवे लावतानाच धाप लागते, तो पंखा काय फिरवणार? आता आणखी एकदा असं तापलं तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, वाकेल, मग गाडी खरंच भंगारात, हे लेकीनं आईला हळूच सांगितलं. बाबांनी ते ऐकलं नसेल असं मला वाटत नाही.

इंजिन वीतभर पुढे घेतलं की काम झालं असतं. लेकीला ते ठाऊक होतं. पण मग दांडा पुढे जाणार, बाबांना तो डोळ्यांनी शोधावा लागणार आणि मूळ अडचण तिथेच होती. मी रेडिएटरच्या फटींतून बघत आलो आहे, मित्रांनो. पूर्वी बाबा गाडी भिंतीपासून हातभर अलीकडे थांबवायचे. हल्ली बंपर भिंतीला टेकला की थांबायचे. आई आताशा प्रत्येक फेरीला शेजारी बसू लागली होती आणि गप्पा मारल्यासारखं म्हणायची, "डावीकडे काय मोठा खड्डा केलाय बघा या लोकांनी." तिघांनाही सगळं कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

तुमच्या घरातलं एखादं यंत्र तापत असेल तर त्याच्यावर ओरडू नका. आधी ते कुठे बसवलंय ते बघा, आणि तिथे का बसवलंय तेही एकदा मायेनं विचारा.

तर एके दिवशी पुन्हा चढ. गाडी रिकामी, बाबा स्टिअरिंगवर, आई मधे, लेक खिडकीशी. वळणावर पुढचं चाक कडेच्या दगडाला घासलं. बाबा म्हणाले, स्टिअरिंग जरा ढिलं झालंय. लेक म्हणाली, बघते. एवढ्यात तापमानाचा काटा वर चढायला लागला. लेकीनं लगेच गाडी थांबवायला लावली. मी फिरत होतो, जिवाच्या आकांतानं, आपलीच ऊन हवा गिळत. वाफ निघण्याआधी इंजिन बंद झालं म्हणून वाचलं.

तिघं खाली उतरली. आईनं थर्मासमधला चहा ओतला. लेक म्हणाली, याहून मोठा रेडिएटर मिळतोय का ते उद्या बघते. आई म्हणाली, हो, मोठाच बघ.

बाबांनी बॉनेट उघडायला सांगितलं. रेडिएटर आणि मी यांच्यामधल्या फटीत त्यांनी हात घातला, बोटं पसरून वीत लावली आणि हात बराच वेळ तिथेच राहू दिला. मग अंगठा माझ्या पात्यावरून फिरवला, रविवारी फिरवायचे तसा.

"इंजिन पुढे घे," ते म्हणाले.

"मग गिअर पुढे जाईल, बाबा."

"जाऊ दे. तुझ्या हाताला बरोबर येईल." चहाचा कप त्यांनी बंपरवर ठेवला, आधी बंपर चाचपून. "मला रस्ता दिसत नाही गं आता."