कळलं न्हाई तरी हौद्री

अंकुशरावांच्या तोंडात पाच भाषा होत्या अन् राजूबाईच्या तोंडात एक. औरादच्या अडतीवर बसून अंकुशराव कुणाशी तेलुगूत, कुणाशी दखनीत, बिदरच्या साहेबाशी कानडीत बोलायचे. राजूबाई मागं पिशवी धरून उभी. चाळीस वर्षं असंच चाललं. तिचं कानडी म्हणजे वांग्याचा भाव विचारण्यापुरतं. कचेरीसाठी मात्र नवऱ्यानं तिला मंत्र देऊन ठेवला होता.

"साहेब काय बी विचारू दे, कळलं न्हाई तरी 'हौद्री' म्हणायचं. व्हय म्हणलं की काम पुढं सरकतंय. न्हाई म्हणलीस, की 'उद्या ये'."

याच मंत्रावर तिचं रेशनकार्ड निघालं, आधार निघालं. मग त्याला खोटा कसा म्हणावा?

आता दोघं जर्मनीत होती. लेक विजयश्री तिथं नोकरीला, तिनं हौसेनं बोलावलेलं. त्या दिवशी ती कामानं दुसऱ्या गावी गेली, रेल्वेनं चार तास लांब. सकाळी नवाला चहा पिताना अंकुशराव म्हणाले, "साखर कमी..." आणि हातातला कप सुटला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, शब्द फुटेना.

राजूबाईनं जिन्यात जाऊन बोंब मारली. शेजारणीनं ॲम्ब्युलन्स बोलावली. घाईत मोबाइल घरीच राहिला.

अर्ध्या तासात दवाखाना आला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. गावातल्या माणिकरावांचंही असंच झालेलं. वेळेत नेलं, इंजेक्शन दिलं, आज गडी पायी शेताला जातोय. "इंजेक्शन!" ती डॉक्टरणीला म्हणाली, दंडावर बोट टोचून दाखवलं. डॉक्टरीण काहीतरी बोलली. राजूबाईला ओ की ठो कळलं नाही.

नर्सनं अंकुशरावांच्या बंडीतून पासपोर्ट काढला. जन्मगाव औराद, कर्नाटक. झालं! कर्नाटक म्हणजे कानडी. औरादच्या घराघरात मराठी बोलतात ते कागदाला काय ठाऊक? नर्सनं दुभाष्यासाठी कुठंतरी फोन लावला. त्यातून बाईचा आवाज आला, "कन्नड बरुत्ता, अम्मा?"

कानडी येतं का, एवढं तिला कळलं, अन् जन्माची सवय. "हौद्री."

दैव देतं अन् कर्म नेतं म्हणतात ते खोटं नाही. फोनमधली बाई बेंगळूरकडची असावी. शुद्ध, भरभर बोलणारी. राजूबाईला त्यात ओळखीचा शब्द सापडेना. "अक्का, मला मराठीच येतंय" हे ओठावर आलं होतं. पण डॉक्टरीण सारखी घड्याळ बघायली होती. आता न्हाई म्हणलं तर दुसरं माणूस हुडकतील, उशीर होईल.

बाईनं विचारलं. "हौद्री." पुन्हा विचारलं. "हौद्री." तिसऱ्यांदा तेच सावकाश विचारलं. राजूबाईनं पुन्हा दंडावर बोट टोचलं. "हौद्री! हौद्री! इंजेक्शन द्या की हो!"

डॉक्टरणीनं लिहून घेतलं, आणि घड्याळ बघायचं सोडून दिलं. नर्सनं अंकुशरावांना सलाइनची सुई टोचली. राजूबाईनं तिला हात जोडले. काम पुढं सरकलं होतं.

शेजारणीचा निरोप उशिरा मिळाला, तशी दुपारी तीनला विजयश्री धापा टाकत आली, डॉक्टरणीशी बोलली, कागद वाचला.

"माय, पप्पांना हे कधी झालं?"

"नवाला. माझ्यादेखत. चहा पिताना."

विजयश्रीनं कागदावर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, झोपेतून उठले तेच असे होते. कधी झालं ते ठाऊक न्हाई, म्हणून ते इंजेक्शन दिलं न्हाई. झोपेतच झालं का, असं तुला तीनदा विचारलं म्हणे."

"मग आता द्या म्हणावं की!"

"वेळ गेली, माय. साडेचार तासांच्या आतच देता येतंय." तिला रडू आवरेना. "कळलं न्हाई, तर तू व्हय कामून म्हणलीस?"

राजूबाई उठून खाटेपाशी गेली. अंकुशरावांचे डोळे उघडे होते.

"अहो, मला वळखायलाव का?"

ओठ थरथरले. पाच भाषांतून एवढाच शब्द बाहेर आला. "हौद्री."

राजूबाईला हुंदका फुटला. वळखलं! मग लेकीच्या तोंडाकडं बघून तिच्या मनात पाल चुकचुकली. ती पुन्हा वाकली.

"आपण औरादला घरी हाव का?"

"हौद्री," अंकुशराव म्हणाले.