काडीवरची खूण

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. मित्रांनो, बेळगावच्या खासबागेत राघवेंद्र मिस्त्रींच्या गॅरेजमागे मी उभी आहे आणि उद्या सकाळी मला भंगारात नेणार आहेत. तेव्हा जे सांगायचं ते आजच सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. निपाणीजवळच्या पार्श्वनाथ आप्पांनी मला घेतलं. त्यांच्या शेतातले टोमॅटो आणि ढबू मिरची मी चौदा वर्षं बेळगावच्या मंडईत पोचवली. सुरुवातीला माझे फार लाड होते. मिस्त्री वेळच्या वेळी तेल बदलत, फिल्टर बदलत आणि पुढची तारीख कागदावर लिहून माझ्या दाराच्या आत चिकटवत. आप्पा चारचौघांत म्हणत, "ही माझी लक्ष्मी हाय."

मग मी जुनी झाले आणि आप्पांचा विचार फिरला. जुन्या गाडीवर खर्च कशाला? खरं तर म्हातारपणीच औषध वेळेवर लागतं, पण हे गाडीच्या बाबतीत कोण मानतो! गेली चार वर्षं तेल बदललंच नाही; आप्पा रोज सकाळी बॉनेट उघडून नुसती तेलाची काडी बघत. तेल खुणेच्या खाली गेलं की वरून थोडं ओतत. झालं माझं औषधपाणी. त्यांच्या पत्नी शालनआक्कांनी एकदा ती काडी बघितली.

"आवो, ह्येचं डांबर झालंय. भज्याचं तेल काळं झालं तर मी त्यातच नवं घालती व्हय? ओतून टाकती की."

"तेल खुणेपतूर हाय न्हवं? मग झालं. मिस्त्रीकडं गेलं की चार हजार जात्यात."

त्याच वर्षी खंडेनवमीला मला झेंडूचा भला मोठा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, कपाळावर रंगीत दिवे बसवले. दिव्यांना चार हजारच लागले. पोटात काळा चिखल आणि गळ्यात हार, अशी मी गावभर मिरवले. मला रडू येत होतं, पण गाडी रडली तर लोकांना ती गळती वाटते.

पंधरा दिवसांपूर्वी टोमॅटो भरून वंटमुरीचा घाट चढताना माझ्या पोटात खडखडलं. तेलाचा लाल दिवा लागला. आप्पांना वाटलं, काडीवर तर तेल आहे, म्हणजे दिवाच बिघडला असणार. ते तसेच चालवत राहिले. काकतीच्या अलीकडे माझं इंजिन जाम झालं.

दुसऱ्या गाडीने मला ओढत इथं आणलं. मिस्त्रींनी खालचा बोल्ट काढला, तर तेल सांडेचना. बोटाने उकरून काढावं लागलं. बोल्ट परत लावून ते म्हणाले, "आप्पा, गाडीच्या किमतीपेक्षा इंजिनाचा खर्च जास्ती हाय. लई उशीर केलासा."

आज दुपारी आप्पा पुन्हा आले. हातात नव्या तेलाचा कॅन होता.

"आता काय उपेग न्हाय त्येचा, आप्पा," मिस्त्री म्हणाले.

आप्पांनी ऐकलं नाही. त्यांनी सगळा कॅन माझ्यात ओतला. मग सवयीने काडी काढली, शर्टाला पुसली, परत घालून बघितली. "खुणेपतूर हाय," असं म्हणाले आणि बॉनेटवर डोकं टेकून रडू लागले. बैल गेला आणि झोपा केला!

मित्रांनो, मला आप्पांचा राग यायला हवा, पण येत नाही. एवढंच मागते: तुमच्या घरात जे जुनं असेल, गाडी असो की माणूस, त्याला हार घालण्याआधी आत काय चाललंय ते बघा. माझ्या पोटात आज चार वर्षांनी स्वच्छ, पिवळंधमक तेल आहे. ते फिरवायला मात्र मी उरले नाही.