कोंबडीची मर्जी

हिरेमठबाई प्रयोगशाळेत शिरल्या की कपाळावरच्या विभूतीचा कोरडा, मंद गंध आणि बरण्यांतल्या फॉर्मलिनचा डोळ्यांना झोंबणारा वास एकमेकांत मिसळून जात, आणि सोलापूरच्या रणरणत्या चैत्रातही आम्हाला उगाच प्रसन्न वाटू लागे. खिडकीबाहेर कडुलिंबाचा मोहोर झडत असायचा, पलीकडच्या गल्लीतून मागांची खटखट अखंड येत राहायची, आणि इरकलीचा पदर खांद्यावर ओढून घेत बाई फळ्याकडे वळायच्या. सत्तरच्या दशकातली ती वर्षं मला आधी ऐकू येतात, दिसतात मागाहून.

बाई आम्हाला बी. एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवत. घरात कन्नड, पुस्तकात इंग्रजी आणि बाहेर मराठी असा त्यांचा वावर होता, आणि या तिघींत मराठीनंच त्यांना जास्त छळलं होतं. कन्नडमध्ये माणसं नि देव वगळले तर उरलेली सारी सृष्टी 'अदु', म्हणजे 'ते'. त्यामुळे 'तो पाल' आणि 'ती सरडा' असं बाई बिनदिक्कत म्हणून जात आणि मागच्या बाकांवर खसखस पिके. बाई स्वतःही हसत. मग डस्टर टेबलावर आपटून म्हणत, "तुमच्या मराठीत खुर्चीला लिंग, भिंतीला लिंग, दगडाला पण लिंग. आणि गांडूळ तेवढं नपुंसक. अरे, त्याच्याकडं नर-मादी दोन्ही आहेत की."

'लिंग' हा शब्द आला की आम्ही मुली माना खाली घालायचो. या अवयवांना आपल्या भाषेत एक तर शिवीतले शब्द, नाही तर पोथीतले. मधल्या ओसाड माळावर बाई एकट्याच मजेत हिंडत होत्या. पदराआड चांदीच्या पेटीत इष्टलिंग धारण करणाऱ्या घरात त्या वाढलेल्या. "घरी ज्या शब्दाला आम्ही हात जोडतो, त्याला वर्गात कसलं लाजायचं?" असं त्या सहज म्हणाल्या, तेव्हा वर्गातलं खुदखुदणं थांबलं ते कायमचंच.

प्रजननाचा धडा 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून देण्याची तेव्हा रीत होती. बाईंनी तो चवीनं शिकवला. माशांनी अंडी आणि बीज पाण्यात सोडून दिलं की त्यांचं भागत असे. प्राणी कोरड्या जमिनीवर आले आणि तो आदिम ओलावा देहाच्या आत जपणं भाग पडलं, नि त्या एका गरजेतून युगानुयुगं किती तऱ्हेतऱ्हेचे अवयव घडत गेले, हे सांगताना त्यांचे लांब हात हवेत आकार काढीत राहायचे. कोरड्या मुलखात पाणी कसं जपायचं हे सोलापूरकरांना वेगळं काय सांगायचं, असंही त्या मधेच म्हणत. सरड्याला दोन इंद्रियं, बदकाला एकच पण मळसूत्री पिळाचं, आणि एवढी ऐट मिरवणाऱ्या कोंबड्याला काहीच नाही. हे ऐकून मी थक्क झाले.

मी मूळची वळसंगची. शिक्षणासाठी शहरात माझ्या चुलत्यांकडे, तात्यांकडे राहत होते. त्यांचं धान्याचं दुकान होतं आणि परसात कोंबड्यांचं खुराडं. काकूनं रात्री जेवताना 'आज काय शिकवलं' म्हणून विचारलं आणि मी भाबडेपणानं कोंबड्याची हकिगत सांगून टाकली. काकू पदरात तोंड लपवून हसली. तात्यांच्या हातातला घास मात्र हातातच राहिला. बार्शीचं एक स्थळ माझ्यासाठी सांगून आलंच होतं. पोरीनं शिक्षण सोडावं एवढीच मुलाकडच्यांची अट होती. माझं कॉलेज आता संपलं, हे मला त्या घासाकडे बघूनच कळलं, आणि मी फार घाबरले.

दुसऱ्या दिवशी डोक्यावरची टोपी सारखी करत तात्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. मी बाकामागे थिजून गेले होते.

"बाई, तुमी पोरींना ह्ये काय शिकवताय? आमी हिचं नाव काढून न्यायला आलोय."

"काढा की," बाई शांतपणे म्हणाल्या. "आधी बसा तर. सुमन कोंबड्याचं सांगितली, ते खोटं आहे काय?"

तात्या बसले. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "सकाळी धरून बघितला. खरंच न्हाय. पर आसं कसं वो?"

राग दारातच राहिला होता आणि आत फक्त कुतूहल येऊन बसलं होतं. बाईंच्या चेहऱ्यावर उजेड पसरला. कोंबडा-कोंबडीची द्वारं क्षणभर एकमेकांना टेकतात, काम तेवढ्यात होतं, असं त्यांनी सांगितलं. अंड्यात नर पिल्लू घडत असताना तो अवयव उगवू लागतो आणि मग आपोआप विरून जातो, हेही सांगितलं.

"का पर?"

"नक्की कोणालाच माहीत नाही. मलाही नाही." शिक्षकाच्या तोंडून हे ऐकायची तात्यांना सवय नसावी, ते सावरून बसले. "माझं आपलं एक अंदाज आहे. जबरदस्तीचं साधन गेलं की मर्जी सांभाळावी लागते. तो कोंबडी बाजूला सरकला, की संपलं."

"ती सरकली," तात्यांनी नकळत दुरुस्त केलं.

"हां, ती."

नाव काढायला तात्या कॉलेजच्या कचेरीकडे वळलेच नाहीत. उन्हं उतरली होती, आम्ही तळ्याच्या कडेनं घराकडे चाललो होतो, पाण्यावर पिवळट उजेड हलत होता. मग चालता चालता, माझ्याकडे न बघताच, त्यांनी विचारलं, "सुमे, त्या बार्शीच्या पोराचं... तुजी मर्जी काय हाय?"

आमच्या घरात हा प्रश्न माझ्या आईला, आजीला, काकूला कोणी विचारल्याचं मला ठाऊक नाही. मी म्हणाले, "नगं, तात्या. मला शिकायचंय."

"बरं," ते म्हणाले, आणि भाव सांगून झाल्यासारखे पुढे चालू लागले.

आता बाई नाहीत, तात्याही नाहीत. त्या गल्लीतले मागही थंडावलेत. काळ माणसं नेतो, आवाज नेतो, वासही पुसत आणतो. पण कुणीतरी एकदा आपल्याला विचारलं होतं, ही गोष्ट त्यालाही नेता येत नाही.