गळणारा मी नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना टप आहे आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी गळत नाही. पूर्वीही गळत नव्हतो. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, त्यांच्यासाठी आज मी तोंड उघडतो आहे.

टप म्हटलं की तुम्हाला एसटीचा पत्रा आठवेल. मी तसला नाही, मी कापडाचा आहे. पापडीच्या आलोशियसकडे एक जुनी विलायती मोटार आहे, तिचं छप्पर मागे दुमडता येतं. ते छप्पर म्हणजे मी. बाहेरून जाड काळं कापड, मध्ये रबराचा पातळ थर, आतून करडं अस्तर आणि हे सगळं ताणून धरायला लोखंडी कमानी. मुंबईतल्या एका कारखान्यात मला बेतलं, शिवलं, शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवल्या. मग बादल्याच्या बादल्या पाणी ओतून पाहिलं. अस्तर कोरडं राहिलं, तेव्हाच मला गाडीवर चढवलं. माझ्या जन्माची ही हकीकत नीट लक्षात असू द्या.

पाऊस असला की मी वर, हवा चांगली असली की मी खाली. खाली म्हणजे मागच्या सीटच्या पाठीमागे एक खोलगट जागा आहे, तिथे घडी होऊन बसायचं. त्या जागेच्या तळाशी एक पन्हळ आहे. माझ्यावरून ओघळलेलं पाणी त्या पन्हळीत उतरतं, तिच्या दोन टोकांच्या रबरी नळ्यांतून जातं आणि मागच्या चाकांपाशी जमिनीवर पडतं. एवढी साधी सोय. पण आमच्या घरात तिची आठवण कोणालाच राहिली नव्हती.

आलोशियसची सांडोरला केळीची वाडी आहे. माणूस सकाळपासून चिखलात असतो, ही गाडी तेवढा त्याचा एक शौक. त्याच्या आणि फ्लॉसीच्या लग्नात मी नवाकोरा होतो. चर्चमधून निघताना त्याने मला मागे दुमडलं आणि दोघं उघड्या गाडीतून घरी आली. तेव्हापासून ओळखीपाळखीत रीतच पडली. लग्न कोणाचंही असो, नवरा-नवरी बसणार आलोशियसच्या उघड्या गाडीत. चर्चच्या दारात लोक रंगीत कागदाचे बारीक तुकडे मुठी भरभरून उधळायचे. हिंदू शेजाऱ्यांकडे लग्न असलं की अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या. फोटो निघायचे, गाडीची वाहवा व्हायची. मला राग यायचा तो इथेच. काम माझं छप्पर होण्याचं आणि कौतुक मात्र मी नजरेआड झाल्यावर. तरी मी गप्प बसलो आणि अंगावर कागद, तांदूळ, फुलं झेलत राहिलो.

मग मागच्या जूनमध्ये फुलपाड्याच्या उन्नतीचं लग्न झालं. तिचे वडील आलोशियसचे जुने मित्र. सकाळपासून पाऊस होता, म्हणून मी वर होतो. हॉलपाशी नवरी गाडीतून उतरली आणि बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. तिचा शालू मागून चिंब, वर तपकिरी डाग. मागची सीट आतून पाणी पिऊन बसली होती आणि वरून ते कोणाला दिसलंही नव्हतं. उन्नती रडायला लागली. तिच्या मावशीने सगळ्यांदेखत सांगितलं की असलं फाटकं छप्पर घेऊन लग्नाला येऊ नये. आलोशियस मान खाली घालून उभा राहिला. घरी आल्यावर त्याने माझ्याकडे जे पाहिलं, त्यातच मी आरोपी ठरलो. चौकशी नाही, साक्ष नाही, काही नाही.

त्यानंतर माझे जे हाल झाले ते ऐका. आलोशियसचा पुतण्या ॲल्रॉय मोबाईलवर व्हिडिओ बघून आला आणि त्याने माझ्या चांगल्या धडधाकट शिवणींवर सिलिकॉन लिंपलं. पाऊस पडला, सीट ओली. मग त्याने कसलासा फवारा मारला. सीट ओली. मग आलोशियसने गच्चीसाठी आणलेलं डांबर काढलं आणि ब्रशने माझ्या पाठीवर फासलं. मित्रांनो, कापडाला डांबर! तो डाग आजही माझ्या अंगावर आहे आणि तो मी लपवत नाही. शेवटी माझ्यावर निळी ताडपत्री टाकून दोरीने आवळली. पण आलोशियसने ती माझ्याच आकाराची कापली होती, बोटभरही खाली येऊ दिली नव्हती. तिच्यावरचं पाणी थेट मागे ओघळायचं. सीट पुन्हा ओली आणि शिव्या पुन्हा मला.

विरारहून गॅरेजवाला मितेश आला. मला बोटाने टोचून तो म्हणाला, "अंकल, कापडाचा काय भरोसा? काढून टाकू. वरून पत्रा वेल्ड करतो, टेन्शनच खतम." पत्रा वेल्ड झाला की गाडी पुन्हा कधीच उघडणार नव्हती. आलोशियस हो म्हणाला. मितेश मापं घेऊन गेला आणि त्याने पत्रा कापूनही आणला. मला फाडून वाडीत केळीचे घड झाकायला न्यायचं, हेही माझ्यासमोरच ठरलं.

यात एकटा मीच मरणार होतो असं नाही. आलोशियसची मुलगी ॲनिशा, तिचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. आई ज्या गाडीतून उघड्यावर बसून सासरी आली, त्याच गाडीतून तसंच बसून जायचं, हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. तिने वडिलांना खूप विनवलं. आलोशियसने तिला जवळ बसवून सांगितलं, "लोकाच्या पोरीचा शालू माझ्या गाडीने नासवला, आता तुझा पांढरा गाऊन मी त्या सीटवर बसवणार नाही." त्याच्यावर माझा राग होता, पण त्या वेळी मलाही वाईट वाटलं.

मितेश सोमवारी कामाला हात घालणार होता. आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये मिस्सा करून सगळी घरी आली होती आणि सकाळची मोठी सर नुकतीच थांबली होती. फ्लॉसी चहा घेऊन गाडीपाशी आली. तिने ताडपत्रीखाली हात घालून माझी पाठ चाचपली, मग सीट दाबली. पाठ कोरडी आणि सीटमधून पाणी.

"वाफ्यात पाणी तुंबलं की तू काय करतोस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पाट बघतो. कुठे अडलाय ते," आलोशियस म्हणाला.

"मग ह्या गाडीचा पाट कुठे आहे?"

आलोशियसने कप खाली ठेवला. जन्मभर वाडीत पाणी फिरवणारा माणूस. वाफा तुंबला म्हणून त्याने कधी आभाळाला दोष दिला नव्हता. आणि इथे महिनोन् महिने तो आभाळाच्या बाजूलाच डांबर फासत बसला होता.

मग जे पहिल्या दिवशी करायचं ते त्यांनी त्या दिवशी केलं. ताडपत्री काढली. ॲनिशा मोबाईलचा टॉर्च घेऊन आत बसली आणि आलोशियसने झारीने पाणी घालायला सुरुवात केली, खालून वर, एका वेळी एकच जागा. आधी दाराची कड, मग काच, मग माझी किनार, मग माझी पाठ. एका काचेवरचं रबर कडक झालं होतं, तिथून बारीकशी धार आली. माझ्या पाठीवर तर झारीच्या झाऱ्या रिकाम्या झाल्या.

"पप्पा, वर सगळं कोरडं आहे," ॲनिशा आतून म्हणाली.

मित्रांनो, हे वाक्य ऐकायला मी सगळा पावसाळा थांबलो होतो.

मग झारी मागे पन्हळीवर धरली. पाणी उतरलंच नाही. चढत चढत काठापर्यंत आलं आणि गुपचूप सीटच्या मागे सांडलं. आलोशियसने सायकलच्या ब्रेकची जुनी तार हळूहळू नळीत सारली. आतून जो लगदा निघाला, त्यात सगळ्या गावाची लग्नं होती. भिजून एक झालेला रंगीत कागद, फुगून आंबलेल्या अक्षता, झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या. पन्हळीच्या एका कोपऱ्यात तर झेंडूचं फिकट पिवळं रोप उगवलं होतं. फ्लॉसी म्हणाली, यात आपल्या लग्नाचाही कागद असेल. नळ्या मोकळ्या झाल्या आणि मागच्या चाकांपाशी पाणी धो धो पडलं. आलोशियसने माझ्या डांबर लागलेल्या पाठीवर तळहात ठेवला. माफी त्याने मागितली नाही. मीही सोडून दिलं.

काचेचं रबर बदललं. मितेशला पत्र्यासाठी नाही म्हणून कळवलं. तो पत्रा आता वाडीत कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे आणि मला कळलं आहे त्यावरून, पावसात वारा सुटला की कोंबड्या भिजतात. मी काही बोलत नाही.

डिसेंबरात ॲनिशाचं लग्न झालं. मी घडी होऊन माझ्या जागेवर बसलो होतो. पांढऱ्या गाऊनमध्ये ती नवऱ्याचा हात धरून गाडीत चढली. कागदाने भरलेल्या सगळ्यांच्या मुठी वर गेल्या. तेवढ्यात आलोशियस सुटाबुटात गर्दीतून पुढे आला आणि त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. बँडही थांबला. त्याने डिकीतून धुतलेली चादर काढली, माझ्यावर आणि पन्हळीवर पसरली, कडा नीट खोचल्या.

"आता उधळा," तो म्हणाला. "माझ्या टपाच्या अंगावर नको."

माझ्या, म्हणाला तो. सगळ्या गावासमोर.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला ओला असताना घडी घालू नका, आधी वाळू द्या. त्याची पन्हळ साफ ठेवा. आणि आत पाणी दिसलं की लगेच वर बघून शिव्या घालू नका, आधी झारी घ्या आणि खालून सुरुवात करा. एवढं करूनही कोणी म्हणालं की कापडापेक्षा पत्रा बरा, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी त्याला एवढंच विचारीन, लेक सासरी निघाली तेव्हा तिच्या डोक्यावरून बाजूला होऊन तुझ्या पत्र्याने तिला कधी आभाळ दाखवलं आहे का?