मागचं डावं चाक

२००१ साली यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचं ठरलं. हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर, मुलगी परदेशात. त्रेपन्नाव्या वर्षी हौस म्हणून गाडी शिकले होते, तीच गळ्यात पडली.

त्यातच कंपनीचं रिकॉलचं पत्र आलं. ब्रेकमध्ये दोष आहे, भाग फुकट बदलून देऊ, तोवर गाडी चालवू नका. मी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पुढच्या गाडीपासून लांब राहत चालवत राहिले.

दोन महिन्यांनी भाग आला, तर वर्कशॉपचा सुपरवायझर बुटाने चाक दाबून म्हणाला, "काकू, मागच्या डाव्यात हवा नाही. ब्रेक बसवून चाचणी घ्यावी लागते. आधी पंक्चर काढून आणा."

टायरवाल्याने हवा भरून टायर पाण्यात बुडवला. एक बुडबुडा नाही. "पंक्चर नाहीच, बाई." सकाळी चाक पुन्हा हवा जाऊन बसलेलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा सुपरवायझर म्हणाला, "गाडीला इथलं माहेरपण मानवलंय वाटतं."

बाहेर आले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. सुजलेले पाय आवरत हे म्हणाले, "अगं, एखादी खेप चुकली तर चुकली."

एकदा चुकली होती. चौथ्या दिवशी यांना श्वास घेता येईना. ती घरघर मला अजून ऐकू येते.

तशीच पुन्हा टायरवाल्याकडे गेले. हे उतरले, खिशातून हवा मोजायचं मीटर काढलं आणि चाकाला लावलं. तीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर काढलेली, काटा पाहिल्याशिवाय चैन नाही.

"रोज मोजता, काका?"

"संध्याकाळी. झोपताना परत एकदा. बायको चालवते ना."

टायरवाल्याने बोटाने व्हॉल्व्हवर थुंकी लावली. फुगा हळूहळू मोठा झाला. "पिन झिजलीय. मीटरने दाबली की अडकते, जोरात हवा भरली की जागेवर बसते. म्हणून पाण्यात कळत नव्हतं. हवा तुम्हीच सोडत होता, काका."

यांनी मीटर खिशात ठेवलं. नवी पिन बसली, हे गाडीत येऊन बसले. निम्म्या वाटेत म्हणाले, "मीच तुला रडवलं."

"गप्प बसा. समोर बघू द्या."

दुसऱ्या दिवशी ब्रेक बसले. पुढे तीन वर्षं दोन महिने आमची एकही खेप चुकली नाही. हे गेले ते घरीच, दुपारी, पेपर वाचताना. मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली, आता तीही साठीला आली. सुपरवायझरने नोकरी सोडून ड्रायव्हिंग स्कूल काढलं. टायरवाल्याचं दुकान रस्तारुंदीकरणात गेलं. तो मेहुण्याकडे राहतो असं ऐकलं. गाडी मी एका नर्सबाईंना दिली. त्यांनी ती सहा वर्षं वापरली.